उंचीची मोजणी, रुंदीची मोजणी

भूमी अभिलेख खात्यात मी चौतीस वर्षे भूकरमापक म्हणून काम केले आणि त्यातला मोठा काळ रत्नागिरी जिल्ह्यात गेला. त्या काळात एकाच गावातून जाणाऱ्या दोन रेषा माझ्या हातून मोजल्या गेल्या. पहिली १९९१ साली कोकण रेल्वेची, दुसरी २०१३ साली मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाची. गावाच्या लेखी दोन्ही वेळा एकच गोष्ट घडली, जमीन गेली. संयुक्त मोजणीची नोटीस त्याच वळणाची होती, पंचनाम्याचा कागद तसाच होता, आणि तलाठी, कोतवाल, पोलीस पाटील तसेच उन्हात माझ्या शेजारी उभे होते. तरीही ही दोन कामे इतकी वेगळी होती की पहिल्या कामात शिकलेले निम्मे मला दुसऱ्या कामात बाजूला ठेवावे लागले. हा फरक मला त्या वेळी शब्दांत मांडता आला नसता. आज मांडायचा झाला, तर रेल्वेसाठी आम्ही जमिनीची उंची मोजत होतो आणि महामार्गासाठी तिची रुंदी मोजत होतो, इथून सुरुवात करावी लागेल.

रेल्वेची रेषा आम्ही आखलेली नव्हती. ती आखायचे काम रेल्वेच्या इंजिनिअरांचे. त्यांनी मध्यरेषेच्या खुंट्या ठोकून द्यायच्या आणि आम्ही त्या रेषेपासून दोन्ही बाजूंची अंतरे घेऊन कोणत्या सर्व्हे नंबरातून, कोणत्या हिश्श्यातून किती आर क्षेत्र जाते ते काढायचे, अशी कामाची वाटणी होती. कोकणात रेल्वे यावी म्हणून अ. ब. वालावलकरांसारख्या माणसांनी हयात वेचली होती, आणि बॅरिस्टर नाथ पै व मधू दंडवते यांनी संसदेत तो विषय सतत जागा ठेवला होता. १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची धुरा आली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सलग खुला झाला. पण आमच्या गावच्या भातखाचरांत जे घडले, त्याचे मूळ आरंभीच घेतलेल्या एका निर्णयात होते. हा मार्ग ताशी १६० किलोमीटर वेग पेलेल असा आखायचा, चढ दीडशे मीटरांत एक मीटरपेक्षा तीव्र असू द्यायचा नाही आणि वळणाची त्रिज्या १२५० मीटरांखाली आणायची नाही, असे ठरले होते. डोंगर, खाडी, घर, विहीर, देवराई यांतले काहीही समोर आले तरी हे आकडे बदलणार नव्हते.

पोलादी चाक पोलादी रुळावर धावते तेव्हा घर्षण फारच थोडे असते. म्हणूनच एक इंजिन हजारो टनांचा भार ओढू शकते, आणि त्याच कारणाने थोडासा चढ आला की त्याची दमछाक होते. रबरी टायर डांबरी रस्त्याला धरून चढतो, त्यामुळे घाटातल्या रस्त्याला वीस मीटरांत एक मीटर चढही चालतो. तीस मीटर उंचीची टेकडी चढायची असेल तर अशा रस्त्याला सहाशे मीटर पुरतात, कोकण रेल्वेला मात्र साडेचार किलोमीटर लागतात. सह्याद्रीची एकामागून एक सोंड समुद्राकडे उतरत असलेल्या या पट्टीत साडेचार किलोमीटरची मोकळी जागा कुठून आणायची? मग डोंगर पोखरावा लागतो आणि दरी भरावी किंवा ओलांडावी लागते. या मार्गावर ९१ बोगदे आहेत, रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा आहे आणि पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. हे आकडे कौतुकाने सांगितले जातात आणि ते कौतुक रास्तच आहे. पण मोजणीदाराच्या नजरेने पाहिले तर हे सगळे दीडशेला एक या एका आकड्याचे पालन आहे.

त्यामुळे रेल्वेच्या सर्वेक्षणात सर्वांत पवित्र मानलेली गोष्ट म्हणजे लेव्हल. मी साखळीच्या आणि शंकूच्या, म्हणजे काटकोन काढायच्या साध्या साधनाच्या, मोजणीत वाढलेला माणूस. आमच्या खात्यात जमीन सपाट कागदावर उतरते. उतारावरची साखळीसुद्धा आडवी धरून मोजायची असते, कारण सातबाऱ्याला उंची नसते. रेल्वेची माणसे मात्र एका बेंचमार्कवरून, म्हणजे उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणेवरून, दुसऱ्या बेंचमार्कपर्यंत समुद्रसपाटीपासूनची उंची वाहून नेत, परत त्याच वाटेने उलट येत, आणि जाताना व येताना आलेल्या आकड्यांत काही मिलिमीटरांपेक्षा जास्त फरक पडला तर दिवसभराचे काम बाद धरून दुसऱ्या दिवशी नव्याने निघत. बोगद्याच्या दोन तोंडांकडून खोदत येणाऱ्या दोन तुकड्या डोंगराच्या पोटात नेमक्या समोरासमोर येतील, याची हमी डोंगरमाथ्यावरून, करवंदीच्या जाळ्या तोडत नेलेल्या त्या मोजमापावर होती. त्या मुलांचे वय पंचविशीच्या आत-बाहेर होते. पायांना जळवा लागलेल्या असत आणि वहीतला आकडा मात्र तीन दशांश स्थळांपर्यंत स्वच्छ लिहिलेला असे. त्यांच्याबद्दलचा माझा आदर आजही तसूभर कमी झालेला नाही.

उंचीचा आणि आमच्या क्षेत्रफळाचा संबंध मला पहिल्या आठवड्यातच कळला. एकेरी रुळासाठी भरावाच्या माथ्याची रुंदी सात मीटरांच्या आसपास लागते. भराव एक मीटर उंच असेल, तर उताराला प्रत्येक बाजूने दोन-दोन मीटर धरून पाया अकरा मीटरांचा होतो. तोच भराव दहा मीटर उंच असेल तर पाया सत्तेचाळीस मीटरांवर जातो, आणि त्याला लागून पाण्याचे गटार व थोडी मोकळी जागा सोडावी लागते. म्हणजे वरून धावणारी गाडी तीच, रूळ तेच, पण खाली एका शेतकऱ्याच्या शेतातून चिंचोळी पट्टी जाते आणि शेजाऱ्याचे अख्खे खाचर जाते, कारण शेजाऱ्याचे शेत सखल आहे. रेल्वेच्या भूसंपादनाच्या नकाशात दोन्ही कडा समांतर नसतात. भक्ष्य गिळून पडलेल्या अजगरासारखा तो पट्टा कुठे फुगतो, कुठे आवळतो, आणि बोगद्याच्या तोंडाशी नाहीसा होतो. कोकणात सखल जमीन म्हणजे मळ्याची, भाताची, पाणी धरणारी जमीन. सड्यावरच्या कातळाला हात न लावता रेल्वे मळ्यात जास्त पसरली, याचे कारण भूमितीत होते. ते कारण पटवून देण्याचे काम मात्र आम्हा मोजणीदारांच्या वाट्याला आले.

वळणाचेही तसेच. १२५० मीटर त्रिज्येच्या वळणावर वीस मीटर लांबीची दोरी ताणून धरली, तर दोरीच्या मध्यापासून वळणाचे अंतर फक्त चार सेंटिमीटर येते. कोकणातले खाचर वीस-पंचवीस मीटरांचे. त्यात उभे राहून तुम्हाला ती रेषा वळते आहे हे दिसूच शकत नाही. शेतकऱ्याला ती सरळच दिसते, आणि सरळ रेषा आपल्या घराकडे का येते हे त्याला उमगत नाही. घाटातल्या रस्त्याचे वळण नव्वद मीटर त्रिज्येचे असेल, तर त्याच दोरीवर पंचावन्न सेंटिमीटर अंतर येते, म्हणजे मोठी हातभर फट, जी लहान मुलालाही दिसते. रस्ता वळला की तो वळल्याचे सगळ्यांना कळते. रेल्वे वळते आहे हे ती आखणाऱ्याला आणि वहीला तेवढे ठाऊक असते.

इथे मला एका विहिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. तळवाडीत एका वयस्क गृहस्थांची विहीर होती. त्या जागी भराव नऊ मीटरांचा होता, त्यामुळे पायथ्याची कड आणि गटार धरून ती विहीर रेषेच्या आत दीड मीटर येत होती. दुसऱ्या दिवशी ते माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, “मोजणीदार, रस्तासुद्धा विहिरीला वळसा घालतो. तुमच्या गाडीला तेवढेही जमत नाही?” मी रेल्वेच्या एका तरुण इंजिनिअरला बोलावले. तो बांधावर बसला, वहीत रेघ काढली आणि काकांना शांतपणे समजावू लागला, की ही रेघ इथे तीन मीटर सरकवायची तर मागे वहाळावरच्या पुलाचा पाया सरकेल, पुढे बोगद्याचे तोंड सरकेल आणि वळण दोन किलोमीटर आधीपासून पुन्हा आखावे लागेल. काकांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, की पुलाचा पाया घातला आहे का? अजून घातलेला नव्हता. इंजिनिअर गप्प झाला. पायथ्याशी दगडी भिंत घेतली तर विहीर वाचेल, असा एक अर्ज मी स्वतः लिहून दिला होता. त्याचे उत्तर आले नाही आणि पावसाळ्यानंतर ती विहीर बुजली.

माझ्या मनाला लागून राहिलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. पंचनाम्यात मी त्या विहिरीपुढे ‘कच्ची’ असे लिहिले होते. वरचे दोन थर ढासळलेले होते आणि काठावर करवंदी माजली होती, म्हणून मी वाकून आत पाहिले नाही. खाली ती पुरी चिऱ्यांनी बांधलेली होती, हे भराव टाकायला सुरुवात झाली तेव्हा मला दिसले. बांधीव विहिरीचे आणि कच्च्या विहिरीचे मूल्यांकन वेगळे होते. मी दुरुस्तीसाठी लिहिले, पण तोवर निवाडा, म्हणजे भरपाईचा अंतिम आदेश, झाला होता. काका मला त्याबद्दल कधी बोलले नाहीत. त्या दिवसानंतर मी एकही विहीर आत डोकावल्याशिवाय कागदावर आणली नाही. त्याने त्या घराचे झालेले नुकसान भरून निघत नाही, हे मला ठाऊक आहे.

आता महामार्गाकडे येतो. रस्त्याला पूर्वज असतो, रेल्वेला नसतो. पायवाटेची बैलगाडीची वाट होते, तिची खडीची सडक होते, सडकेचा डांबरी रस्ता होतो, आणि दर वेळी नवा रस्ता जुन्याच्या अंगावर घातला जातो. बोरघाटाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या वाटा दाखवणारा शिंग्रोबा धनगर आजही जुन्या रस्त्यावरच्या देवळात पूजला जातो आणि जाणारे-येणारे गाडीतून नाणे टाकून हात जोडतात. कथेतले किती खरे हे सांगता येणार नाही, पण घाटातली पहिली आखणी गुराखी आणि धनगर यांच्या पायांनी केलेली असते, ही गोष्ट कोणताही सर्वेक्षक मान्य करील. १८३० साली त्या घाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला. पुढे जेम्स बर्कली या इंजिनिअरच्या देखरेखीखाली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६३ साली तोच घाट चढली, पण ३७ मीटरांत एक मीटर चढाने, पंचवीस बोगदे खोदून. त्या चढाची किंमत आजही कर्जतला थांबून जादा इंजिने लावून चुकवावी लागते. दीडशेला एक हा आकडा कोकण रेल्वेने हट्टाने का धरला असेल, याचे उत्तर मला कर्जतच्या फलाटावर उभे राहिले की मिळते.

महामार्गाला पूर्वज असल्यामुळे महामार्गाची मोजणी माणसांच्या दारातून होते. रस्ता गावात पहिल्यापासून होता आणि घरे रस्त्याकडे सरकत आली होती. रेल्वे गावाबाहेरच्या मळ्यातून गेली, तिच्या स्थानकांच्या नावांतच ‘रोड’ आले. राजापूर रोड, सावंतवाडी रोड, वैभववाडी रोड ही नावे वाचली की समजावे, गाव इथून रस्त्याने गाठायचे आहे. डोंगराच्या पायथ्याशी जिथे सपाटी मिळाली तिथे स्थानक बसले. बाजारपेठेजवळ नेण्याइतका चढ-उतार त्या रेषेला परवडत नव्हता. रस्ता मात्र चिपळूण, संगमेश्वर, लांजा असा बाजार गाठत गेला, कारण बाजार गाठणे हेच त्याचे काम होते.

२०१३ साली माझ्या हाती टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर एकदम मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र, होते आणि शंकू-साखळी कपाटात गेली होती. आमच्या गावात रस्त्याची रुंदी पंचेचाळीस मीटर धरायची होती. भूमितीच्या दृष्टीने काम शाळेतल्या मुलाला जमावे इतके सोपे, कारण दोन कडा एकमेकींना समांतर असतात आणि भराव-खोदाईचा फरक त्या रुंदीतच सामावून घेतला जातो. पण ती समांतर कड कुणाच्या अंगणातून, कुणाच्या तुळशीवरून, कुणाच्या पडवीच्या मधोमध जात होती. एका घरात ती ओटीवरच्या झोपाळ्याच्या दोन कड्यांमधून गेली. जमीन अर्धी घेता येते, घर अर्धे घेता येत नाही. पडवी पाडली की माजघराचा वासा निराधार होतो, हे नकाशावर कुठेच दिसत नाही. मळ्यात आम्ही दिवसाला शेकडो मीटर पुढे सरकलो होतो, इथे एका दारापुढे अख्खी सकाळ जायची.

आणखी एक अडचण अशी होती, जिची मला आधी कल्पना नव्हती. हा रस्ता पूर्वीही कधीतरी रुंद झालेला होता, पण त्या वेळी गेलेल्या क्षेत्राचे कमी-जास्त पत्रक, म्हणजे नोंदीतले क्षेत्र दुरुस्त करणारा कागद, झालेच नव्हते. म्हणजे ज्या डांबरावरून पन्नास वर्षे एस.टी. धावत होती, त्यातला काही भाग सातबाऱ्यावर अजून शेतकऱ्याच्याच नावे होता. “माझी जमीन कुठपासून मोजता, डांबराच्या कडेपासून की सातबाऱ्याच्या कडेपासून?” असा प्रश्न एका बाईंनी विचारला, आणि मी खात्याचा माणूस असूनही तिथल्या तिथे उत्तर देऊ शकलो नाही. उत्तर शोधायला जुनी टिपणे आणि गुणाकार बुके, म्हणजे पूर्वीच्या मोजणीच्या मापांच्या आणि क्षेत्राच्या हिशेबाच्या वह्या, काढावी लागली. त्यांतली मापे आणे आणि साखळ्यांत. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि साखळीभर लांब व साखळीभर रुंद असा चौकोन म्हणजे एक गुंठा. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून जी रीत घालून दिली, तिच्या खुणा आजही आपल्या बोलण्यात आहेत. गुंठा म्हणताना आपण नकळत त्या साखळीचेच नाव घेत असतो. १:१००० च्या हिस्सा नकाशावर पेन्सिलीची रेघ अर्ध्या मिलिमीटरची असली, तर प्रत्यक्षात ती अर्धा मीटर जमीन झाकते. भाताच्या बांधावर अर्ध्या मीटरवरून कुणी फारसे बोलत नाही. रस्त्याला लागलेल्या दुकानाच्या पायरीवर मात्र त्याच अर्ध्या मीटरसाठी सख्खे भाऊ न्यायालयात जातात.

रेल्वेच्या वेळी बहुतेक खातेदार मुंबईत होते. नोटीस दाराला चिकटवायची, शेजाऱ्याला पंच करायचे आणि एका सातबाऱ्यावरच्या तीस-पस्तीस नावांपैकी जी दोन म्हातारी माणसे घरी असत, त्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्यायचे, असे ते काम चालले. या मार्गासाठी चाळीस हजारांच्या वर जमीनधारकांची जमीन घेतली गेली असे सांगितले जाते, आणि कोकणातल्या सामाईक खात्यांची लांबी पाहिलेल्या माणसाला तो आकडा मोठा वाटत नाही. महामार्गाच्या मोजणीला तेच चाकरमानी आदल्या रात्री कोकणकन्या एक्सप्रेसने निघून सकाळी हातात सातबाऱ्याचा उतारा घेऊन हजर होते. मी मोजलेल्या एका रेषेवरून बसून ते दुसऱ्या रेषेच्या मोजणीला आले होते. मला त्याचे समाधान वाटले. विहीर गमावलेल्या काकांचा नातूही त्यांत होता.

गावाच्या वागण्यातला फरक मला फार खोल वाटतो. रेल्वेच्या वेळी सगळ्या गावाचे एकच म्हणणे होते, की रेघ आमच्यापासून दूर जावी, आणि रेघ हलणार नाही असे कळल्यावर गाव गप्प झाले, एकमेकांचे दुःख वाटून घेऊ लागले. महामार्गाच्या वेळी रेघ हलू शकते हे सगळ्यांना ठाऊक होते. रुंदीकरण दोन्ही बाजूंना सारखे घ्यायचे, की एकाच बाजूने घ्यायचे, की गावाला वळसा घालून बाह्यवळण काढायचे, हे तिन्ही पर्याय तांत्रिकदृष्ट्या शक्य होते. मग डावीकडच्या आळीने उजवीकडे बोट दाखवले, उजवीकडच्या आळीने डावीकडे. शिवाय रस्त्यापासून पूर्ण दूर जाणेही कुणाला नको होते. जमीन जावी, पण उरलेली रस्त्याला लागून उरावी, कारण दर्शनी जागेची किंमत वाढणार होती. काही लोकांना मागची जमीन जाऊन पुढची पट्टी राहायला हवी होती, आणि रस्त्याला तर पुढचीच पट्टी हवी होती. रेल्वेला लागून असलेल्या जमिनीची किंमत स्थानक सोडले तर कुठेच वाढत नाही. गाडी घरासमोरून जाते, थांबत नाही. जिथे वाटाघाटीला जागा होती तिथे गाव दुभंगले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्यांनी दुसऱ्याच्या घरावर बोट दाखवले ती वाईट माणसे नव्हती. आपले घर वाचण्याची शक्यता दिसत असताना माणसाने गप्प बसावे, अशी अपेक्षा मला करता येत नाही.

मात्र मोजणी संपल्यावर, वर्षे गेल्यावर, रेल्वेचा एक परिणाम गावाला जास्त जाणवतो. रस्ता ओलांडता येतो. आता चौपदरी झाल्यावर जीव मुठीत धरून ओलांडावा लागतो, पण ओलांडता येतो. रेल्वेचा नऊ मीटरांचा भराव ही भिंत आहे. खाचराचा पाच गुंठ्यांचा तुकडा पलीकडे राहिला की नांगर, बैल आणि पेंढा घेऊन भरावाखालच्या मोरीपर्यंत अर्धा किलोमीटर वळसा घालावा लागतो, आणि मग ते शेत दोन-तीन वर्षांत पड पडते. आमच्या मोजणीत गेलेले क्षेत्र लिहायचा रकाना असतो. न गेलेले पण निरुपयोगी झालेले क्षेत्र लिहायला रकाना नव्हता. मोरी किती मीटरांवर हवी हे पाण्याच्या हिशेबाने ठरत होते. बैल कुठून जाणार याचा हिशेब त्यात उशिरा आला. गोव्यात याच मार्गावरून मोठा वाद झाला, त्यात खाजण जमिनींतून जाणारा भराव पाणी अडवील ही भीती मुख्य होती. ती भीती भावनेच्या भरातली म्हणून सोडून देता येणार नाही, कारण भरती-ओहोटीवर जगणाऱ्या जमिनीत भराव घालणे म्हणजे तिच्या श्वासाला हात घालणे होते.

उंचीची आणखी एक किंमत नंतर कळली. दीडशेला एक चढ राखण्यासाठी डोंगर उभे कापले गेले, आणि जांभ्याच्या खालची चिकण माती पावसाळ्यात सरकू लागली. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि जून २००४ मध्ये करंजाडीजवळ रुळावर आलेल्या दगडांनी मोठे अपघात झाले. त्यानंतर कापलेल्या कडा उतरत्या करणे, जाळ्या लावणे, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवणे आणि रात्रंदिवस गस्त घालणे सुरू झाले. कड उतरती करायची म्हणजे वर आणखी जमीन लागते. रस्त्यालाही हे सुटलेले नाही. परशुराम घाटात रुंदीकरणासाठी डोंगर कापल्यावर दरडींनी लोकांची झोप उडवली, आणि कशेडी घाटात महामार्गाला शेवटी बोगदाच खोदावा लागला. त्याच डोंगररांगेत रेल्वेचा नातूवाडीचा चार किलोमीटरांहून लांब बोगदा दोन दशके आधी झालेला होता. घाटाला वळसे घालत चढणारा रस्ताही वेग वाढला की रेल्वेसारखा विचार करू लागतो.

समृद्धी महामार्ग पाहिल्यावर माझी ही समजूत पक्की झाली. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, १२० मीटर रुंदी, दोन्ही बाजूंना कुंपण, कुणाच्याही दारासमोर न थांबणारा. त्याला पूर्वज नाही. तो जुन्या सडकेच्या अंगावर घातलेला नाही, तर नकाशावर नव्याने ओढलेला आहे. सिन्नरकडच्या एका नातेवाइकाच्या शेताजवळ त्याच्या भरावाखालच्या भुयारी वाटेत उभा असताना मला थेट तळवाडीची मोरी आठवली. तिथेही बैल कुठून जाणार हाच प्रश्न होता, फक्त आता बैलांऐवजी ट्रॅक्टर आणि ऊस भरलेली ट्रॉली. रस्ता असूनही त्याला लागून असलेल्या जमिनीला दर्शनी भाग नाही. उलट मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वे बहुतेक अंतर खांबांवरून जाते, सुमारे साडेसतरा मीटरांची पट्टी घेते आणि खालून माणसे, गुरे, पाणी जाऊ देते. तिच्या आखणीसाठी विमानातून लेझर किरण टाकून जमिनीची उंची मोजली गेली, आणि जमिनीवरून करायला दहा-बारा महिने लागले असते ते काम सुमारे बारा आठवड्यांत झाले. करवंदीत पाय रक्तबंबाळ करून घेणाऱ्या त्या मुलांना हे पाहून आनंदच होईल. माझे म्हणणे इतकेच, की विमानातून विहिरीचे तोंड दिसते, तिचा बांधीव भाग दिसत नाही. त्यासाठी आजही कुणीतरी काठावर जाऊन वाकले पाहिजे.

गेल्या वर्षी आमच्या जुन्या कार्यालयातल्या एका तरुण भूकरमापकाचा फोन आला. तळवाडीत रेल्वेच्या हद्दीवरून तंटा होता आणि १९९१ च्या मोजणीचा एक दगड सापडत नव्हता. मी गेलो. त्याच्याकडे रोव्हर होता, काठीच्या टोकावर पांढरे भांडे पालथे घातल्यासारखा. उपग्रहांकडून स्थान घेऊन तो काही सेंटिमीटरांत जागा सांगतो. मला मात्र एक फणस आठवत होता, जो आता नव्हता, आणि त्याच्या बुंध्यापासून वहाळाकडे मोजलेली अकरा मीटरांची दोरी. काकांचा नातू कुदळ घेऊन आला. आम्ही रोव्हरने सांगितलेल्या जागी खणले, काही लागले नाही. हातभर अलीकडे खणले, तेव्हा हात-दीड हात खोलीवर कुदळ दगडावर वाजली. माती पुसल्यावर वरची फुली दिसली, कडा अजून स्पष्ट होत्या. तरुण भूकरमापकाने रोव्हर त्यावर उभा केला, आकडा वाचला आणि माझ्याकडे पाहिले. पंचावन्न सेंटिमीटरांचा फरक होता. कोणाचे बरोबर धरायचे, असे त्याने विचारले. मी म्हटले, दगड पुरला तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक इथे उभे होते आणि सगळ्यांच्या सह्या आहेत, तेव्हा दगड धरा आणि फरक शेऱ्यात लिहा. त्याने तसे लिहिले. नातवाने दगडाभोवतीची माती पायाने दाबली, आणि तेवढ्यात वरच्या भरावावरून मांडवी एक्सप्रेस गेली.